प्रचारपट आणि त्याचा अनुपस्थित कर्ता : गुगेनहाइम व श्वार्ट्झ यांच्या कारकिर्दींची समीक्षा

प्रास्ताविक

निवडणूक-प्रचारासाठी चित्रफिती तयार करणे हा आज एक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित व्यवसाय झाला आहे. जनसंज्ञापन व पत्रकारितेचे शिक्षण घेऊन बाहेर पडणारे काही विद्यार्थी या व्यवसायाकडे वळतात. पटकथा, छायाचित्रण, ध्वनिमुद्रण आणि संकलन ही त्यासाठी लागणारी कौशल्ये आपण त्यांना वर्गात शिकवतो. तथापि, या कौशल्यांतून जी कृती निर्माण होते तिचा विचार 'संहिता' म्हणून आपल्याकडे फारसा झालेला दिसत नाही. राज्यशास्त्राचा अभ्यासक प्रचारपटाचा परिणाम मोजतो, वाणिज्याचा अभ्यासक त्याचा खर्च मोजतो, आणि कलासमीक्षक मात्र ती 'जाहिरात' आहे असे म्हणून तिला आपल्या कक्षेबाहेर ठेवतो. परिणामी या कृतीला एक कर्ता आहे आणि त्याच्या निवडींना अर्थ आहे, ही साधी गोष्टही दुर्लक्षित राहते.

प्रस्तुत लेखात अमेरिकेतील दोन प्रचारपटकारांच्या कारकिर्दींचा समीक्षात्मक विचार केला आहे. पहिले चार्ल्स गुगेनहाइम (१९२४–२००२) आणि दुसरे टोनी श्वार्ट्झ (१९२३–२००८). अमेरिकेची निवड करण्याचे कारण असे की, दूरचित्रवाणीवरील प्रचाराचा हा व्यवसाय तेथे १९५० च्या दशकातच आकाराला आला आणि त्या काळातील अनेक प्रचारपट जतन झालेले असल्याने ते आजही पाहून तपासता येतात. विश्लेषणासाठी भारतीय काव्यशास्त्रातील ध्वनी, वक्तृवैशिष्ट्य आणि साधारणीकरण या तीन संकल्पनांचा आधार घेतला आहे. प्रचारपट हा मुख्यतः व्यंजनेवर चालतो, व्यंजनेला वक्ता कोण हे ठाऊक असावे लागते, आणि हा व्यवसाय नेमका वक्त्याच्या अदृश्यतेवर उभा आहे, असे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१. व्यवसायाचा प्रारंभ : आधी उत्तर, मग प्रश्न

१९५२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार ड्वाइट आयझेनहॉवर यांच्यासाठी टेड बेट्स या जाहिरातसंस्थेतील रॉसर रीव्ह्‌ज यांनी 'आयझेनहॉवर आन्सर्स अमेरिका' ही छोट्या जाहिरातींची मालिका तयार केली. प्रत्येक जाहिरातीत एक सामान्य नागरिक महागाई, कर किंवा कोरियातील युद्ध यांविषयी प्रश्न विचारतो आणि आयझेनहॉवर त्याला थेट उत्तर देतात. एकेक जाहिरात साधारण वीस सेकंदांची. पाहणाऱ्याला वाटते की सेनापती आणि नागरिक समोरासमोर उभे आहेत.

वस्तुस्थिती वेगळी होती. आयझेनहॉवर यांची चाळीस उत्तरे न्यू यॉर्कमधील एका स्टुडिओत एकाच दिवशी चित्रित करण्यात आली. प्रश्न विचारणारी माणसे त्यानंतर शोधण्यात आली. ती रेडिओ सिटी म्युझिक हॉल पाहण्यासाठी आलेली पर्यटक मंडळी होती आणि त्यांनी समोर धरलेल्या फलकावरील प्रश्न वाचून दाखवले. म्हणजे उत्तर आधी तयार होते, प्रश्न नंतर बसवला गेला, आणि ज्याने तो विचारला त्याची उत्तर देणाऱ्याशी भेटच झाली नव्हती. हे दोन तुकडे संकलनाच्या टेबलावर जोडले गेले आणि त्यांतून 'संवाद' निर्माण झाला.

यातील कोणतेही एक वाक्य खोटे आहे, असे सिद्ध करता येणार नाही. उत्तरे आयझेनहॉवर यांनी स्वतःच दिली होती, प्रश्नकर्तेही खरोखरचे नागरिक होते. खोटे असेल तर ते दोन चित्रांच्या मधल्या जोडामध्ये आहे, आणि तो जोड पडद्यावर न दिसणाऱ्या तिसऱ्याच माणसाने घातलेला आहे. प्रचारपटाच्या समीक्षेला सुरुवात करायची ती या तिसऱ्या माणसापासून.

२. चार्ल्स गुगेनहाइम : वास्तवाची साक्ष

रीव्ह्‌ज हे जाहिरातीच्या क्षेत्रातून आले होते. गुगेनहाइम माहितीपटाच्या क्षेत्रातून आले, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. सेंट लुइस येथील शाळांमधील वर्णभेद संपुष्टात येण्याच्या प्रक्रियेवरील 'अ सिटी डिसाइड्स' (१९५६) या माहितीपटाने त्यांचे नाव झाले. त्याच वर्षी त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांच्या प्रचारासाठी काम केले. लिटल रॉक येथील शाळेत १९५७ मध्ये प्रवेश घेणाऱ्या नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवरील 'नाइन फ्रॉम लिटल रॉक' या १९६४ च्या लघुपटासाठी त्यांना पहिले ऑस्कर मिळाले. त्यानंतर आणखी तीन ऑस्कर पारितोषिके आणि एकूण बारा नामांकने त्यांच्या नावावर आहेत. म्हणजे आपण ज्याचा विचार करत आहोत तो कलाविश्वाच्या कडेला राहून पोट भरणारा कारागीर नव्हे. तो आपल्या माध्यमातील श्रेष्ठ कलावंत आहे.

१९६६ मध्ये पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या गव्हर्नरपदासाठी मिल्टन शॅप हे पक्षनेतृत्वाच्या इच्छेविरुद्ध प्राथमिक फेरीत उतरले. त्यांच्यासाठी गुगेनहाइम यांनी 'द मॅन अगेन्स्ट द मशीन' हा अर्ध्या तासाचा चित्रपट केला आणि तो राज्यभरातील दूरचित्रवाणी केंद्रांवरून पुन्हा पुन्हा दाखवला गेला. शॅप यांनी प्राथमिक फेरीत पक्षाच्या अधिकृत पसंतीच्या उमेदवाराचा पराभव केला. मुख्य निवडणुकीत ते हरले आणि चार वर्षांनी, १९७० मध्ये, निवडून आले. या चित्रपटाचे शीर्षकच त्याची रचना सांगते. एकीकडे एकटा माणूस आणि दुसरीकडे पक्षाचे यंत्र. शॅप यांनी हा प्रचार मोठ्या प्रमाणावर स्वतःच्या पैशावर चालवला होता आणि दूरचित्रवाणीवरील वेळ विकत घेऊ शकणारा 'एकटा माणूस' हादेखील एका यंत्राच्याच बळावर उभा असतो, ही बाब मात्र शीर्षकाच्या द्वंद्वात बसत नाही.

१९७२ मध्ये जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या अध्यक्षीय प्रचारासाठी केलेल्या चित्रपटांत गुगेनहाइम यांची शैली पूर्ण परिपक्व झालेली दिसते. उमेदवार कॅमेऱ्याकडे पाहून भाषण करत नाही. तो लोकांमध्ये बसलेला असतो आणि बहुतेक वेळ ऐकत असतो. व्हिएतनाममध्ये जखमी होऊन अपंगत्व आलेल्या तरुण सैनिकांबरोबरचा प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. चाकांच्या खुर्चीतील तरुण आपले दुःख अडखळत सांगतात, मॅकगव्हर्न त्यांच्यामध्ये बसून ते ऐकतात. प्रकाशयोजना नैसर्गिक, आवाजात खोलीतील गोंगाट मिसळलेला, वाक्ये अर्धवट तुटलेली. माहितीपटाच्या प्रेक्षकाला या खुणांचा अर्थ ठाऊक असतो : हे घडवलेले नाही, हे घडत असताना टिपलेले आहे.

येथे टीकेचा मुद्दा असा की, माहितीपटाची ही विश्वासार्हता गुगेनहाइम यांनी प्रचारासाठी निर्माण केलेली नव्हती. ती त्यांच्या आणि त्यांच्यासारख्या इतर माहितीपटकारांच्या अनेक वर्षांच्या प्रामाणिक कामातून जमा झालेली पुंजी होती. प्रचारपटाने ती उसनी घेतली. शाळेतील मुलांची कथा सांगताना जो कॅमेरा साक्षीदार होता, तो आता एका पक्षाचा साक्षीदार झाला. पण त्याची भाषा पहिल्याइतकीच निरपेक्ष राहिली. गुगेनहाइम या प्रचारातील मुद्द्यांशी मनापासून सहमत होते, असे मानायला जागा आहे. परंतु तंत्राची उसनवारी सहमतीवर अवलंबून नसते. युजीन जोन्स यांनी व्हिएतनाममधील सैनिकांवर 'अ फेस ऑफ वॉर' हा प्रत्यक्षदर्शी माहितीपट केला. तो १९६८ मध्ये प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी त्यांनी रिचर्ड निक्सन यांच्या प्रचारासाठी स्थिरचित्रांच्या वेगवान मांडणीतून युद्ध आणि दंगलींची दृश्ये वापरणाऱ्या जाहिराती केल्या. त्यांपैकी ह्युबर्ट हम्फ्री यांच्या हसऱ्या चेहऱ्याशेजारी युद्धाची चित्रे ठेवणारी एक जाहिरात तक्रारींमुळे एकदाच दाखवून मागे घ्यावी लागली. दोन विरोधी पक्षांनी एकाच विद्येची पुंजी वापरली.

१९७२ मध्ये मॅकगव्हर्न यांचा पराभव झाला. निक्सन यांनी पन्नासपैकी एकोणपन्नास राज्ये जिंकली. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी गुगेनहाइम प्रचारपटांच्या व्यवसायातून बाहेर पडले. अर्ध्या मिनिटाच्या आणि प्रतिस्पर्ध्यावर हल्ला करणाऱ्या जाहिरातींविषयीची नाराजी त्यांनी उघडपणे व्यक्त केली होती. त्यांच्या निर्णयाकडे केवळ नैतिक तिटकारा म्हणून पाहणे पुरेसे नाही. त्यामागे रूपबंधाचा प्रश्नही आहे. अर्ध्या तासाच्या किंवा पाच मिनिटांच्या चित्रपटात ऐकणारा उमेदवार दाखवता येतो, तीस सेकंदांत ऐकण्याला वेळ नसतो. या व्यवसायातील अर्थव्यवहारही छोट्या जाहिरातींनाच अनुकूल होता. प्रचारसल्लागारांचे उत्पन्न पुष्कळदा दूरचित्रवाणीवर विकत घेतलेल्या वेळेच्या रकमेवरील दलालीतून येई आणि परंपरेने ही दलाली पंधरा टक्के असे. जेथे चित्रपटाच्या दर्जाऐवजी त्याच्या पुनरावृत्तींवर मोबदला ठरतो, तेथे संथ माहितीपटाला फार काळ जागा राहत नाही.

३. टोनी श्वार्ट्झ : ऐकणाऱ्याच्या मनातला अर्थ

श्वार्ट्झ हे मुळात आवाजांचे संग्राहक. मोकळ्या जागी आणि गर्दीत वावरण्याच्या भीतीमुळे त्यांचे फिरणे मर्यादित होते, आणि न्यू यॉर्कमधील आपल्याच परिसरातील फेरीवाले, मुले, टॅक्सीचालक, रस्त्यावरची गाणी यांचे ध्वनिमुद्रण त्यांनी वर्षानुवर्षे केले. हा प्रचंड संग्रह २००७ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे गेला. आपला सिद्धान्त त्यांनी 'द रिस्पॉन्सिव्ह कॉर्ड' (१९७३) या ग्रंथात मांडला. त्याचा सारांश असा : संदेश प्रेक्षकाच्या मनात घालायचा नसतो, प्रेक्षकाच्या मनात अनुभवांचा जो साठा आधीच असतो त्याला स्पर्श करायचा असतो. अर्थ प्रेक्षक स्वतः पुरा करतो.

या सिद्धान्ताचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 'डेझी' या नावाने ओळखली जाणारी एक मिनिटाची जाहिरात. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या प्रचारासाठी डॉइल डेन बर्नबाख या जाहिरातसंस्थेने श्वार्ट्झ यांच्या सहभागाने ती तयार केली. ७ सप्टेंबर १९६४ च्या रात्री एनबीसी वाहिनीवरून ती एकदाच, पैसे देऊन दाखवण्यात आली. एक लहान मुलगी फुलाच्या पाकळ्या तोडत आकडे मोजते आहे, मोजताना चुकते आहे. तिचे मोजणे संपते तेथे एका पुरुषाचा यांत्रिक आवाज उलटी मोजणी सुरू करतो. कॅमेरा मुलीच्या डोळ्यापर्यंत जातो आणि पडद्यावर अणुस्फोट होतो. मग जॉन्सन यांचा आवाज, आणि शेवटी ३ नोव्हेंबरला त्यांना मत देण्याचे आवाहन.

प्रतिस्पर्धी बॅरी गोल्डवॉटर यांचे नाव या जाहिरातीत कोठेही नाही, चेहरा नाही, त्यांचे एखादे विधानही नाही. तरीही ती त्यांच्याविषयीच आहे, हे पाहणाऱ्या प्रत्येकाला कळले. गोल्डवॉटर यांनी १९६३ मध्ये अणुचाचणीबंदीच्या कराराविरुद्ध मत दिले होते, आणि रणभूमीवरील लहान अण्वस्त्रांच्या वापराविषयीची त्यांची वक्तव्ये वृत्तपत्रांतून गाजलेली होती. ती भीती प्रेक्षकाच्या मनात होतीच. जाहिरातीने तिला फक्त छेडले. पुढे वृत्तकार्यक्रमांनी ती बातमी म्हणून पुन्हा दाखवली आणि एकदाच विकत घेतलेला एक मिनिट अनेक दिवस पुरला. जॉन्सन प्रचंड मताधिक्याने विजयी झाले. या विजयाचे श्रेय मात्र या जाहिरातीला देता येणार नाही, कारण ते आधीपासूनच पुष्कळ आघाडीवर होते.

या जाहिरातीचा कर्ता कोण, यावर पुढे अनेक वर्षे वाद झाला. श्वार्ट्झ ती आपली मानत. जाहिरातसंस्थेतील मंडळी ती आपली सामूहिक निर्मिती मानत. जाहिरात गाजल्यावर, ती इतिहास झाल्यावर कर्तृत्वावर हक्क सांगणारे पुढे आले. ती प्रसारित झाली त्या रात्री मात्र मतदारापुढे कर्ता म्हणून यांपैकी कोणीच उभे नव्हते.

४. ध्वनी आहे, साधारणीकरण नाही

'डेझी'चे वर्णन आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत अधिक नेमकेपणाने करता येते. तिचा वाच्यार्थ 'मुलांना जगू द्या' एवढाच आहे आणि त्याला कोणाचाही विरोध असू शकत नाही. तिचा व्यंग्यार्थ 'गोल्डवॉटर निवडून आले तर ही मुलगी मरेल' असा आहे. हा अर्थ उच्चारला असता तर त्याला पुरावा मागता आला असता, प्रत्युत्तर देता आले असते. आनंदवर्धनाने ध्वनीला काव्याचा आत्मा मानले ते ध्वनीमुळे अर्थ अधिक समृद्ध होतो म्हणून. प्रचारपटात ध्वनीचे प्रयोजन वेगळे आहे. येथे व्यंजना हे जबाबदारीपासून दूर राहण्याचे साधन होते. जे सूचित केले ते आपण म्हटलेच नाही, असे म्हणण्याची सोय त्यात असते.

श्वार्ट्झ यांचा सिद्धान्त आणि अभिनवगुप्ताचे रसविवेचन यांत एक लक्षणीय साम्य आहे. सामाजिकाच्या मनात वासनारूपाने असलेले भावच रसरूपाला येतात, असे अभिनवगुप्त मानतो. पण तेथे साधारणीकरणाची अट आहे. भाव 'माझा', 'शत्रूचा', 'अमक्याचा' या संबंधांतून मोकळा होतो, म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. प्रचारपट याच्या बरोबर उलट करतो. सर्वांची असलेली भीती तो एका व्यक्तीच्या नावाशी आणि एका तारखेशी बांधतो. भाव जागृत होतो. पण तो आस्वादाकडे न जाता थेट कृतीकडे वळवला जातो. म्हणून प्रचारपटात ध्वनी असूनही रस नसतो, असे म्हणता येईल.

या विधानाची कसोटी गुगेनहाइम यांच्याच एका कृतीवर घेता येते. रॉबर्ट केनेडी यांची जून १९६८ मध्ये हत्या झाली. त्यानंतर ऑगस्टमध्ये शिकागो येथे भरलेल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनासाठी गुगेनहाइम यांनी 'रॉबर्ट केनेडी रिमेम्बर्ड' हा चित्रपट केला. निवेदन अभिनेते रिचर्ड बर्टन यांचे होते. रचना चरित्रात्मक प्रचारपटाचीच आहे : बालपण, कुटुंब, सार्वजनिक जीवन, गर्दीतला उमेदवार. फक्त उमेदवार जिवंत नाही, त्यामुळे मत मागणे शक्य नाही. सर्व साधने तीच असूनही शेवटचे आवाहन गळून पडते आणि शोक शोकच राहतो. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट लघुपटाचे ऑस्कर मिळाले. अधिवेशनात तो संपल्यावर प्रतिनिधी बराच वेळ उभे राहून गात राहिले आणि कामकाज थांबले, हेही नोंदवले पाहिजे. राजकीय भाव त्या सभागृहात होताच. पण तो कोणाच्याही पारड्यात टाकता येण्याजोगा नव्हता. प्रचारपटाचे तंत्र जात्याच हीन आहे, हा आक्षेप या उदाहरणाने निकालात निघतो. श्वार्ट्झ यांनी अमेरिकन कॅन्सर सोसायटीसाठी केलेली धूम्रपानविरोधी जाहिरातही लहान मुलांच्याच चित्रावर आधारलेली होती, आणि तिला कोणी फसवणूक म्हणणार नाही. प्रश्न तंत्राचा नाही, ते वापरून बोलणारा कोण आहे, हा आहे.

५. वकिलाचा दाखला

या व्यवसायाच्या समर्थनार्थ वकिलाचा दाखला नेहमी दिला जातो. वकील अशिलाची बाजू मांडतो, अशिलाच्या कृत्यांचा तो धनी नसतो, तसाच प्रचारपटकार. हा युक्तिवाद गंभीरपणे घ्यायला हवा, कारण लोकशाहीत प्रत्येक पक्षाला आपली बाजू उत्तम रीतीने मांडण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी कुशल माणसांची गरज आहे.

परंतु वकिलाचे वकीलपत्र न्यायालयात दाखल असते. तो स्वतः उभा राहून बोलतो. समोर तितकाच तयार विरोधी वकील असतो, साक्षीदाराची उलटतपासणी होते, आणि वकिलाने न्यायालयाची दिशाभूल केली तर त्याची सनद जाऊ शकते. प्रचारपटकाराच्या बाबतीत यांपैकी एकही गोष्ट नाही. 'डेझी'तील मुलीची उलटतपासणी कोण घेणार? १९७२ च्या प्रचारात याचे आणखी एक बोलके उदाहरण सापडते. मॅकगव्हर्न यांच्या प्रचाराच्या अखेरच्या टप्प्यात श्वार्ट्झ यांच्याकडूनही जाहिराती करवून घेण्यात आल्या. त्यांपैकी एकीत मतदानकक्षात उभ्या असलेल्या मतदाराचे स्वगत ऐकू येते. कोणाला मत द्यावे याविषयी तो मनातल्या मनात बोलतो. मतदाराच्या मनातला आवाज प्रचारपटकाराने लिहिला आहे. १९५२ मध्ये नागरिकाच्या तोंडी प्रश्न घातला गेला होता. वीस वर्षांनी त्याच्या मनात विचार घातला गेला. वक्ता अदृश्य होण्याची ही पराकाष्ठा आहे, कारण येथे वक्ता आणि श्रोता एकच असल्याचा भास होतो.

६. नाममुद्रा

मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त व्यंग्यार्थाची प्रतीती कशामुळे होते हे सांगताना वक्त्याच्या वैशिष्ट्याचा निर्देश प्रारंभीच केला आहे. सूर्य मावळल्याचे साधे विधान कोण कोणाला करतो यावर त्याचा सूचित अर्थ ठरतो. वक्ता ठाऊक नसेल तर व्यंजना निरंकुश होते.

आपल्या परंपरेत प्रचारात्म रचनेचा तिटकारा नाही. पोवाडा हा स्तुतीचा, स्फुरणाचा, पुष्कळदा आश्रयदात्याचा गौरव करणारा रचनाप्रकार आहे. पण अफझलखानवधाचा पोवाडा रचणाऱ्या अज्ञानदासाचे नाव त्याच्या रचनेतच आलेले आहे, आणि अखेरीस नाममुद्रा घालण्याची रीत पुढील शाहिरांनीही पाळली. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या लाल बावटा कलापथकाचे शाहीर अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हजारोंच्या समुदायापुढे डफावर थाप मारून गात असत. त्यांच्या गाण्यातही अतिशयोक्ती होती, विरोधकाची टर होती. परंतु गाणारा समोर होता. त्याला सभेतून प्रश्न विचारता येत होता, त्याच्या आयुष्याशी त्याचे शब्द ताडून पाहता येत होते.

याच्या तुलनेत २०१४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीतील भारतीय जनता पक्षाच्या दूरचित्रवाणी जाहिराती पाहाव्यात. 'कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा?' हा त्यांतील प्रश्न अल्पावधीत घराघरांत पोहोचला. तो प्रश्न आहे, आरोप नव्हे. नेणाऱ्याचे नाव त्यात नाही. उत्तर प्रेक्षकाने पुरे करायचे आहे. श्वार्ट्झ यांच्या सिद्धान्ताचे इतके चपखल मराठी उदाहरण दुसरे मिळणे कठीण. हे वाक्य ज्याला ठाऊक नाही असा मराठी वाचक विरळा; ते कोणी लिहिले, हे सांगू शकणारा त्याहूनही विरळा. पुढील काळात तेच वाक्य त्या पक्षाच्या राजवटीविरुद्ध विरोधकांनी वापरले, आणि ते तितकेच सहज वापरता आले. नाममुद्रा नसलेले वचन कोणाचेच नसते, म्हणून ते कोणाच्याही हाती जाते.

७. कायदा काय पाहतो

अमेरिकेत २००२ च्या कायद्याने उमेदवाराला आपल्या दूरचित्रवाणी जाहिरातीत स्वतःच्या आवाजात तिला मान्यता असल्याचे सांगणे बंधनकारक झाले. पैसे कोणी दिले हेही जाहीर करावे लागते. भारतात लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२७-अ नुसार निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर व भित्तिपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते असावे लागतात. दूरचित्रवाणीवरील राजकीय जाहिरातींबाबत सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००४ रोजी आदेश दिला आणि प्रसारणापूर्वी प्रमाणीकरणाची पद्धत सुरू झाली. अर्जासोबत जाहिरातीच्या प्रती, तिची साक्षांकित शब्दसंहिता आणि निर्मितीखर्चाचा तपशील द्यावा लागतो.

या तरतुदी स्वागतार्ह आहेत. पण त्यांची दृष्टी मुद्रितकालीन आहे. शब्दसंहिता तपासणाऱ्या अधिकाऱ्यापुढे 'डेझी'चा कागद ठेवला तर त्यावर काय दिसेल? एका मुलीने मोजलेले आकडे, उलटी मोजणी, आणि परस्परप्रेमाचे आवाहन. चित्रफीत पाहिली तरी आक्षेप कोणत्या वाक्यावर घ्यायचा, हा प्रश्न उरतो. दुसरी गोष्ट अशी की, गावातल्या छापखानदाराला दोनशे पत्रकांवर आपले नाव घालावे लागते. कोट्यवधी लोकांपर्यंत जाणाऱ्या प्रचारपटाच्या दिग्दर्शकाचे नाव मात्र पडद्यावर येण्याचे बंधन नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात निवडणूक आयोगाला कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या बनावट चित्रफिती तीन तासांत काढून टाकण्याची सूचना राजकीय पक्षांना द्यावी लागली. नवे तंत्रज्ञान पुढे आले असले तरी मूळ प्रश्न १९५२ चाच आहे : जोड कोणी घातला?

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, प्रचारपट ही व्यंजनाप्रधान संहिता आहे. तिच्या सत्यासत्यतेचा निवाडा केवळ वाच्यार्थावरून करता येत नाही. दोन, ती साधारणीकरण नाकारून भावाला व्यक्ती आणि कृतीशी बांधते. म्हणून तिच्या कर्त्यावर कवीपेक्षा अधिक उत्तरदायित्व येते. तीन, या व्यवसायाची आर्थिक आणि कायदेशीर रचना मात्र कर्त्याला उत्तरदायित्वातून मोकळे ठेवते. गुगेनहाइम यांच्यासारख्या श्रेष्ठ माहितीपटकाराला या रचनेत आपला रूपबंध टिकवता आला नाही, ही बाब व्यक्तिगत आवडीनिवडीपलीकडची आहे. त्यांचे पुत्र डेव्हिस गुगेनहाइम हेही नामवंत माहितीपटकार. त्यांनी बराक ओबामा यांच्यासाठी २००८ मध्ये अधिवेशनातील चरित्रपट आणि २०१२ मध्ये सतरा मिनिटांचा 'द रोड वुइव्ह ट्रॅव्हल्ड' हा चित्रपट केला. या दोन्ही कृती त्यांच्या नावानिशी ओळखल्या जातात, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. नाव घालून प्रचारपट करणे अशक्य नाही.

अध्यापक म्हणून दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. आपल्या राज्यातील प्रचारपट निवडणूक संपताच नाहीसे होतात. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी ते तारीख, पक्ष आणि शक्य तेथे कर्त्याच्या नावासह जतन करावेत आणि जनसंज्ञापनाच्या वर्गाबरोबरच मराठीच्या वर्गातही ते संहिता म्हणून वाचले जावेत. आणि पत्रकाला जे कलम १२७-अ लागू आहे त्याच धर्तीवर प्रचारपटाच्या अखेरीस लेखक व दिग्दर्शक यांची नावे असावीत, ही मागणी समीक्षेच्या क्षेत्रातून पुढे यावी. संकलनाचे यंत्र हाताळायला विद्यार्थ्याला आपण शिकवतोच. संकलित केलेल्या वाक्याखाली स्वतःचे नाव लिहिता येईल का, हे स्वतःला विचारायलाही त्याला शिकवले पाहिजे.